कॉकपिटच्या दाराअलीकडे

आमच्या कंपनीत केबिन क्रूमधून ‘लीड’, म्हणजे विमानातल्या केबिन क्रूचं प्रमुख, व्हायचं तर ठरावीक वर्षं उडालेलं असावं लागतं, रेकॉर्ड स्वच्छ लागतं. मग लेखी परीक्षा, मुलाखत, गुडगावच्या ट्रेनिंग सेंटरला वर्ग आणि ड्रिल, त्यानंतर एखाद्या जुन्या लीडच्या हाताखाली प्रत्यक्ष फ्लाइट्स आणि शेवटी चेक. एवढं करून मिळतं काय, असं माझ्या मावशीने विचारलं होतं. मिळतो वेगळा बॅज, थोडा जास्त भत्ता आणि ए320 विमानाच्या पुढच्या डाव्या दाराजवळची घडीची सीट. त्या सीटवर बसलं की पाठ कॉकपिटकडे असते.

कॉकपिटच्या दारापलीकडे दोन वैमानिक. अलीकडे आम्ही चौघं आणि 180 च्या आसपास प्रवासी. दर 50 सीटमागे एक क्रू हा नियम, म्हणून चार. 2001 च्या 11 सप्टेंबरनंतर ते मधलं दार चिलखती झालं, आणि उड्डाणात ते बंदच असतं. त्यांना मागचं काही दिसत नाही, आम्हाला पुढचं काही दिसत नाही. मध्ये एक इंटरफोन. लीडचं खरं काम म्हणजे या दोन बाजूंमध्ये कुठलीही बातमी अडकू न देणं. चहा-सँडविच आणि खरेदीच्या पैशांचा हिशेब हे त्यातून उरलेल्या वेळेत. घरी अजूनही सगळ्यांना वाटतं की प्रमोशन म्हणजे आता मला ट्रॉली ढकलावी लागत नाही. ढकलावी लागते.

लेखी परीक्षेबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मॅन्युअल पाठ असलं की होते. मुलाखतीत मात्र एक प्रश्न असा आला की बाहेर आल्यावरही तो डोक्यात फिरत राहिला. बोर्डिंग चालू आहे, दारात प्रवाशांची रांग आहे, आणि तुझ्यापेक्षा खूप ज्युनिअर मुलगी सगळ्यांसमोर तुला म्हणते, मॅम, हे असं करायचं नसतं. तू काय करशील? आधी ती बरोबर आहे का ते बघेन, असं मी म्हटलं. समोरच्या तिघांपैकी एकीने विचारलं, आणि ती चूक असेल तर? मी म्हटलं, तरी तिला बाजूला घेऊन सांगेन की पुढच्या वेळीही अशीच बोल. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, चेहऱ्यावरून काही कळेना. माझ्या मागून आत गेलेल्या मुलाला हाच प्रश्न आला. त्याने सांगितलं, प्रवाशांसमोर शिस्त महत्त्वाची, तिला गप्प राहायला सांगेन आणि नंतर रिपोर्ट करेन. त्याची निवड झाली नाही. कारण हेच होतं की दुसरं, ते मला माहीत नाही, पण आमच्या ग्रुपवर तेव्हा त्याच उत्तराची चर्चा होती.

गुडगावचे वर्ग सकाळी लवकर सुरू व्हायचे. शिकवायला एक मॅम होत्या, मुंबईच्या पारशी, पूर्वी स्वतः खूप वर्षं उडालेल्या. एखाद्या अपघाताची केस हाती घेतली की त्या शेवट सांगायच्या नाहीत. विमान कुठे उभं आहे, हवा कशी आहे, कोण कुठे बसलंय एवढं सांगून थांबायच्या आणि विचारायच्या, आता तू काय करशील?

पहिलीच केस ड्रायडनची. 10 मार्च 1989, कॅनडात ओंटारिओ प्रांतातलं लहानसं गाव. एअर ओंटारिओचं फोकर एफ-28 विमान तिथे थांबलं. त्याचं एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि इंजिन सुरू करायला हवा देणारं छोटं यंत्र, बंद पडलेलं. ड्रायडनला इंजिन बाहेरून सुरू करून देण्याची सोय नव्हती. म्हणून एक इंजिन चालू ठेवावं लागलं. आणि इंजिन चालू असताना पंखांवरचा बर्फ काढण्याचा फवारा मारायचा नाही, असा नियम. बर्फ पडत होता. प्रवासी खिडकीतून बघत होते, पंख पांढरे झालेत. केबिन क्रूलाही दिसत होतं. प्रवाशांमध्ये ड्यूटीवर नसलेले दोन वैमानिकसुद्धा बसले होते.

इथे मॅम थांबल्या. इम्फाळची एक मुलगी लगेच म्हणाली, मी कॉकपिटला फोन करेन. मॅम म्हणाल्या, छान. काय सांगशील? ती म्हणाली, सर, पंखावर बर्फ आहे. मॅम कप्तान झाल्या. आवाज जाड करून म्हणाल्या, “मला माहीत आहे. यू टेक केअर ऑफ युवर केबिन.” मुलगी गप्प. सगळा वर्ग गप्प. कारण हे वाक्य या ना त्या स्वरात आमच्यातल्या बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेलं होतं.

ड्रायडनमध्ये तो फोन झालाच नाही. विमान उडालं आणि धावपट्टीपलीकडच्या झाडांत पडलं. 69 पैकी 24 जण गेले. त्यावर न्यायमूर्ती मोशान्स्कींचा चौकशी आयोग बसला, आणि वाचलेल्या केबिन क्रूची साक्ष झाली. वैमानिकांना दिसत असणारच, आणि आपण सांगितलं तर ते मनावर घेतील असं वाटलं नाही, असा त्याचा रोख होता. मॅमनी हे सांगताना आवाज चढवला नाही की पाडला नाही. फळ्यावर फक्त दोन ओळी लिहिल्या. त्यांना माहीत असेल. ते ऐकणार नाहीत. म्हणाल्या, या दोन वाक्यांपैकी एक जरी मनात आलं तरी फोन उचलायचा, तेवढंच लक्षात ठेवा.

वैमानिकांबरोबरचा एकत्र वर्ग नंतर झाला. या प्रशिक्षणाला सीआरएम म्हणतात, क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे क्रूने एकमेकांचं ऐकून काम करणं. त्याची सुरुवात खरं म्हणजे फक्त कॉकपिटसाठी झाली. डिसेंबर 1978 मध्ये अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेडचं डीसी-8 विमान चाकांचा घोळ निस्तरण्यात आकाशात घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. इंधन कमी होतंय हे फ्लाइट इंजिनिअरला कळत होतं, तो बोललाही होता, पण कप्तानाचं सगळं लक्ष चाकांत अडकलेलं. दहा माणसं गेली. पुढच्या वर्षी नासाने यावर कार्यशाळा घेतली, आणि 1981 मध्ये युनायटेडने अशा प्रशिक्षणाचा पहिला कार्यक्रम काढला. उत्तम विमान चालवणारा माणूस बाकीच्यांचं ऐकत नसेल तर उपयोग काय, असा तो प्रश्न होता. केबिन क्रूला त्यात घ्यायचं शहाणपण यायला आणखी काही वर्षं आणि आणखी काही अपघात लागले.

त्यातला एक केगवर्थचा. 8 जानेवारी 1989, लंडनहून बेलफास्टला निघालेलं ब्रिटिश मिडलंडचं 737-400. डाव्या इंजिनात बिघाड झाला, कॉकपिटमध्ये कंप आणि धूर. वैमानिकांनी समजून-उमजून, पण चुकीचं, उजवं इंजिन बंद केलं. योगायोगाने धूर कमी झाला, त्यामुळे त्यांना वाटलं जमलं. कप्तानाने प्रवाशांना सांगितलं की उजव्या इंजिनाला त्रास होता, ते बंद केलंय. मागे बसलेल्या लोकांनी मात्र डाव्या इंजिनातून ज्वाळा निघताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. क्रूमधल्या काहींनीही. उजवं? असा प्रश्न कॉकपिटपर्यंत कुणीच नेला नाही. धावपट्टीच्या अलीकडे महामार्गाच्या बांधावर विमान आदळलं, 47 जण गेले.

आमच्याबरोबर एक तरुण फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, बसला होता. तो म्हणाला, मला हे ऐकून राग येत नाही, भीती वाटते. आम्ही पुढे बसून समजतो की केबिन शांत आहे म्हणजे मागे सगळं ठीक आहे. त्याच्या या वाक्यानंतर वर्गातलं वातावरण मोकळं झालं. तोवर वैमानिक एका बाजूला आणि आम्ही एका बाजूला असंच बसलो होतो, कॅन्टीनमध्ये बसतो तसं.

मग आपल्याकडच्या केस आल्या. मंगळुरू, 22 मे 2010, 158 मृत्यू. सहवैमानिकाने तीनदा गो-अराउंड म्हणजे उतरू नका, परत वर चला, असं सांगितलं होतं. कोळिकोड, 7 ऑगस्ट 2020. पाऊस, पाठीमागून वारा, आणि विमान निम्मी धावपट्टी मागे टाकून टेकलं. तिथेही सहवैमानिकाचा गो-अराउंडचा पुकारा झाला होता, पण त्याने नियंत्रण स्वतःकडे घेतलं नाही, असं अहवाल सांगतो. 21 माणसं गेली, त्यात दोन्ही वैमानिक. कप्तान मराठी होते, हवाई दलातून आलेले. वर्गातल्या आम्हा मराठी मुलींना त्यांच्याबद्दल आदर होता आणि तो आजही आहे. शिकवणाऱ्या कॅप्टननी ते ओळखलं असावं. म्हणाले, माणूस किती चांगला होता यावर आपण इथे बोलत नाही. सांगितलेली गोष्ट पलीकडे पोचली का नाही, एवढंच बघायचं. मला हे पटलं. अपघाताच्या बातम्यांखाली घरबसल्या निकाल देणाऱ्यांना हे कधी पटेल असं वाटत नाही.

एका वैमानिकाने विचारलं, मग शेवटचा शब्द कुणाचा? सगळ्यांनीच बोलायचं तर विमान चालवायचं कुणी? प्रश्न बरोबर होता. कॅप्टन म्हणाले, शेवटचा शब्द कप्तानाचाच. पण त्याच्या आधी जे बोलायचं ते सगळं बोलून झालेलं पाहिजे. यावर मी माझ्या वडिलांचं उदाहरण दिलं. ते सांगली डेपोत एसटीचे कंडक्टर होते. ड्रायव्हर कितीही जुना असो, गाडी कितीही लेट असो, कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी स्टँडवरून हलत नाही. स्टिअरिंग ड्रायव्हरकडे, दोरी कंडक्टरकडे. आणि मागे कुणी पायरीवर लटकतंय हे ड्रायव्हरला दिसत नाही, म्हणून तर ती दोरी असते. वर्ग हसला. कॅप्टननी मात्र विचारलं, तुझ्या वडिलांना कधी ड्रायव्हरने झापलं का बेल दिली नाही म्हणून? मी म्हटलं, रोज. “आणि मग?” मग काय, पायरीवरचा माणूस आत आला की द्यायचे.

त्या दिवशीचा सगळ्यात उपयोगी भाग दुपारी झाला. तीन वैमानिकांना पार्टिशनच्या पलीकडे पाठ करून बसवलं. आमच्यातल्या एकेकीला चिठ्ठी दिली, त्यात केबिनमध्ये काय घडतंय ते लिहिलेलं. ते इंटरफोनवरून सांगायचं आणि पलीकडच्यांनी ऐकून कागदावर चित्र काढायचं. पहिल्या मुलीने सांगितलं, सर, मागे धूर येतोय. तीन कागदांवर तीन वेगळी विमानं निघाली. एकाने संडासात आग दाखवली, एकाने मागच्या गॅलीत म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, तिसऱ्याने डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यात. मग काय सांगायचं ते ठरत गेलं. धूर कुठून येतोय, कुठल्या रांगेजवळ, रंग काळा की पांढरा, दाट की विरळ, वास कसला, वाढतोय की कमी होतोय, तुम्ही काय केलंत, प्रवासी कसे आहेत. आणि शेवटी, पुन्हा कधी फोन करणार. शांतपणे, दोन-तीन श्वासांत. हे लिहायला सोपं आहे. हातात रिसीव्हर आणि समोर गडबड असताना ‘सर’ म्हटल्यावर पुढचं वाक्य सापडत नाही.

मॉक-अपमधलं, म्हणजे नकली केबिनमधलं, आगीचं ड्रिल सगळ्यांना तसं ओळखीचं, दर वर्षीच्या रिफ्रेशरला असतंच. ज्याला आग दिसते तो विझवणारा. दुसरा इंटरफोनवर कॉकपिटशी बोलणारा. तिसरा सामान आणून देणारा आणि प्रवासी हलवणारा. यंदा फरक एवढाच की लीडने यातलं काय करायचं? आग मागच्या संडासात, लीड पुढे. कानपूरचा एक मुलगा, अंगाने तगडा, कामाला वाघ, आवाज ऐकताच एक्स्टिंग्विशर उचलून मागे धावला. मॅमनी ड्रिल थांबवलं नाही. फक्त पुढच्या जागेवर उभ्या राहिल्या आणि कप्तान होऊन इंटरफोन वाजवत राहिल्या. उचलायला कुणी नव्हतं. तो परत आला तेव्हा घामाने निथळत होता, आग विझली होती, आणि कॉकपिटला मधली काही मिनिटं कसलीही खबर नव्हती. चांगल्या कामाच्या माणसाला हात बांधून उभं राहणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट असते.

माझ्या पाळीला मला मागच्या टीममध्ये घातलं, विझवणारी म्हणून. डोक्यावर धूर-टोपी चढवली. तिची रबरी गळपट्टी मानेभोवती घट्ट बसते, अंबाड्यातली पिन अडकते, आणि मग बाहेरचं जग एकदम दूर जातं. स्वतःचाच श्वास कानात घोंगावतो. संडासाच्या दाराला उलट्या हाताने स्पर्श करून गरम आहे का पाहायचं, दार बोटभर उघडायचं, एक्स्टिंग्विशर मारायचं, दार लावायचं. शेजारची काय ओरडतेय ते कळत नाही, फक्त तिच्या हाताच्या खुणा दिसतात. तेव्हा ध्यानात आलं की विझवणाऱ्याला बाहेरचं काहीच समजत नसतं. त्याच्या वतीने बोलणारं माणूस नसेल तर त्याची मेहनत कॉकपिटच्या हिशेबात येतच नाही.

लीडची खरी परीक्षा तयारीला वेळ मिळतो अशा इमर्जन्सी लँडिंगची. कप्तान लीडला बोलावतो आणि चार गोष्टी सांगतो. काय झालंय, आपण काय करणार, वेळ किती, खास सूचना काय. लीडने त्या जशाच्या तशा परत म्हणायच्या, घड्याळ जुळवायचं, मग आपल्या तिघांना सांगायच्या आणि त्यांच्याकडूनही परत म्हणवून घ्यायच्या. मला कॅप्टननी सांगितलं, लँडिंग गिअरचा प्रॉब्लेम आहे, मुंबईला परत चाललोय, 12 मिनिटं आहेत. आणि थांबले. मी तेवढं परत म्हटलं आणि विचारलं, सर, उतरल्यावर विमान रिकामं करावं लागेल का? आणि ब्रेसची, म्हणजे प्रवाशांनी वाकून सावरून बसायची, खूण कधी देणार? पलीकडून उत्तर आलं, “आत्ता मी बिझी आहे.” मॉक-अप असला तरी पोटात खड्डा पडतो. मी म्हटलं, सर, एवढं एकच, मागे तयारी त्यावर अवलंबून आहे. मग त्यांनी सांगितलं. नंतरच्या चर्चेत म्हणाले की ते दोन मुद्दे त्यांनी मुद्दाम गाळले होते आणि पहिल्यांदा मुद्दाम झिडकारलं होतं. दुसऱ्यांदा विचारणारी पाहिजे असते.

12 मिनिटांत यादीतलं सगळं होत नाही. काय सोडायचं हे ठरवणं लीडचं काम. पंखावरच्या आणीबाणीच्या दारांजवळ धडधाकट माणसं बसवणं आणि त्यांना दार कधी उघडायचं नाही हे समजावणं मी आधी घेतलं. ब्रेस दाखवणं, लहान बाळांच्या आया, मग सुटं सामान. खिशातली पेनं आणि टाचांचे बूट शेवटी. कुणी वेगळा क्रम लावला असता तर तोही चालला असता. न ठरवता सगळीकडे थोडं-थोडं करणाऱ्यांना मात्र परत करावं लागलं.

ड्रिलनंतर मॅमनी हानेडाबद्दल सांगितलं. 2 जानेवारी 2024, टोकियोत जपान एअरलाइन्सचं ए350 उतरताना कोस्ट गार्डच्या विमानाला धडकलं. त्या छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. ए350 मधले 379 च्या 379 बाहेर पडले. घोषणा करायची यंत्रणा बंद पडली होती. क्रूने मेगाफोन आणि घसे वापरले. आठपैकी फक्त तीन दारं वापरण्याजोगी होती. मागच्या डाव्या दारावरच्या क्रूला कॉकपिटशी बोलता येत नव्हतं. तिथला निर्णय तिथेच झाला. बाहेर बघितलं, आग नाही, दार उघडलं. बातम्यांत जपानी शिस्तीचं कौतुक खूप आलं. मला त्यात जास्त भावतं ते हे, की शेवटच्या दारावरच्या माणसाला परवानगीची वाट बघत बसावं लागलं नाही. हे त्या दिवशी अचानक होत नाही. आधी कुणीतरी तसं वाढवलेलं असतं.

पुढचा टप्पा प्रत्यक्ष फ्लाइट्स. माझी ट्रेनर लीड म्हापशाची, कोकणीच्या हेलात मराठी बोलणारी. पहाटेचा पिकअप, टर्मिनलवर ब्रेथ अॅनालायझरमध्ये फुंकर, आणि मग ब्रीफिंग. ब्रीफिंगला मोजकी मिनिटं मिळतात. बहुतेक लीड त्यात जागा वाटून देतात, दोन सेफ्टीचे प्रश्न विचारतात, मेकअप-केस बघतात, चला. हिचं वेगळं. आधी सगळ्यात नवीन मुलीला बोलायला लावायची. आज तुझ्या दारावर काय-काय बघशील, सांग. तिच्यानंतर बाकीचे. स्वतः शेवटी. पहिल्या फ्लाइटला मी उत्साहात मध्येच माहिती पुरवली. नंतर एरोब्रिजवर चालताना ती म्हणाली, “तू उत्तर दिलंस की बाकीच्यांचं डोकं बंद पडतं गो.”

कप्तानांच्या दोन जाती असतात. एक येऊन सगळ्यांची नावं विचारतो, हवा कुठे खराब आहे ते सांगतो, काहीही वाटलं तरी फोन करा म्हणतो. दुसरा म्हणतो, नेहमीप्रमाणेच आहे सगळं, आणि जातो. दुसऱ्या जातीचा कप्तान वाईटच असतो असं नाही, पुष्कळदा तो फक्त घाईत असतो. पण त्याच्या त्या एका वाक्याने मागच्या नवख्या मुलीचा फोन जड होतो. माझी ट्रेनर अशा वेळी स्वतः कॉकपिटमध्ये जायची, पाणी हवंय का विचारायच्या निमित्ताने, आणि म्हणायची, सर, आज मागे एकजण नवीन आहे, काही वाटलं तर तिला थेट तुम्हाला फोन करायला सांगितलंय. कप्तान हो म्हणायचाच. मग परत येऊन त्या मुलीला सांगायची, सरांनी तुला फोन करायला सांगितलंय. दोन्हीकडून खरंच बोलायची, फक्त दोरी ओढून ठेवायची.

याचा उपयोग नागपूरच्या एका फ्लाइटला झाला. मी लीडच्या जागेवर, ट्रेनर शेजारी. उतरायला सुरुवात झालेली, दहा हजार फूट जवळ आलेले. दहा हजारांच्या खाली कॉकपिटला विनाकारण फोन करायचा नसतो. आणि नेमकी हीच शिस्त नवीन क्रूच्या मनात भीती होऊन बसते. मागून इंटरफोन वाजला. सगळ्यात नवीन मुलगी. मॅम, मागे कसलातरी वास येतोय, पण मलाच वाटत असेल. दुसरी मॅम म्हणतेय काही नाही. मी विचारलं, कसला? ती म्हणाली, करपल्यासारखा, इस्त्रीचा येतो तसा. कुठे? ओव्हनजवळ. धूर? नाही. वाढतोय? थोडा. मी तिला ओव्हनची वीज बंद करायला सांगितली, दार उघडू नको, एक्स्टिंग्विशर जवळ घे, आणि कॉकपिटला फोन लावला. ट्रेनर माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होती. मी सांगितलं, मागची गॅली, ओव्हनजवळ करपल्याचा वास, धूर नाही, वीज बंद केलीय, क्रू एक्स्टिंग्विशर घेऊन उभी आहे, प्रवाशांना काही कळलेलं नाही. कप्तानाने एवढंच विचारलं, बंद केल्यावर कमी होतोय? दोन मिनिटांनी सांग. दोन मिनिटांनी कमी झाला होता. सांगितलं. नेहमीसारखे उतरलो.

इंजिनिअरने ओव्हन बघितला. प्लॅस्टिकच्या झाकणाचा एक तुकडा आत अडकून वितळला होता, बाकी काही नाही. प्रवासी उतरल्यावर कप्तान मागच्या गॅलीपर्यंत चालत गेले, त्या मुलीचं नाव विचारलं आणि म्हणाले, उद्याही असाच फोन कर, काही नसलं तरी चालेल. ‘काही नाही’ म्हणणारी सीनिअर शेजारीच उभी होती. तिला कुणी काही बोललं नाही. ट्रेनरने नंतर तिला आपल्या डब्यातला खरवस दिला आणि एवढंच विचारलं, तुला वास आला नव्हता की आला होता? ती म्हणाली, आला होता, पण नेहमीच येतो. माझ्या मते त्या दिवशी शिकण्यासारखं सगळं या उत्तरात होतं.

चेकबद्दल थोडक्यात. चेक करणारी व्यक्ती मागच्या रांगेत बसते, वही काढते, काही बोलत नाही. माझी झाली. शेरा आला की निर्णय स्पष्ट, ब्रीफिंग लांबतं. खरंच लांबतं. चौघांना बोलायला लावलं की लांबणारच, आणि त्यावर मी अजूनही उपाय शोधते आहे. सर्व्हिस कशी दाखवायची, केबिनमध्ये घोषणेचा सूर कसा ठेवायचा याचेही गुण होते, पण ते सगळ्यांनाच जमतं.

त्यानंतरच्या जानेवारीत लीड म्हणून श्रीनगरला गेले होते. परतीचं बोर्डिंग संपत आलेलं, बाहेर भुरभुर सुरू. मागून फोन आला, मॅम, पंखावर पांढरं दिसतंय, सरांना माहीत असेलच म्हणा. मी म्हटलं, असेल, तरी सांगते. सांगितलं. कप्तान म्हणाले, बाहेर बघून आलो तेव्हा नव्हतं, थांब. ते केबिनमधून पंखापर्यंत चालत आले, दोन प्रवाशांना जरा सरकायला सांगून खिडकीला नाक लावून दोन्ही बाजू पाहिल्या, आणि डी-आयसिंगसाठी, म्हणजे बर्फ काढणाऱ्या फवाऱ्यासाठी, थांबायचं ठरलं. मग घोषणा, मग ‘मॅडम, आमची पुढची गाडी चुकणार’, मग एका काकांचं व्यवस्थापनाबद्दलचं भाषण, मग चहा संपला. ज्या रांगेत कप्तान वाकले होते तिथल्या आजोबांनी मात्र सगळ्या विमानाला फवारणी समजावून सांगितली. मुंबईत पोचायला इतका उशीर झाला की ड्यूटीच्या तासांच्या हिशेबात माझी दुसऱ्या दिवशीची सकाळची फ्लाइट काढून रोस्टरवाल्यांनी दुसऱ्या कुणाला तरी दिली.